बाबागाडीला मोटर

मराठीत लहान मुलांसाठी दोन गाड्या आहेत, आणि त्यांची नावे मोठी अर्थपूर्ण आहेत. पांगुळगाडा मूल स्वतः ढकलते. त्याच्या आधाराने ते उभे राहावयास व चालावयास शिकते. बाबागाडीत मात्र मूल बसलेले वा निजलेले असते आणि ढकलण्याचे श्रम दुसऱ्याकडे असतात. या दुसऱ्या गाडीस विजेची मोटर जोडली तर काय होईल, हा प्रश्न प्रथमदर्शनी चैनीचा वाटेल. परंतु दिल्लीत, जेथे पदपथ पावलोपावली खंडित होतो आणि अनेक चार मजली डी. डी. ए. वसाहतींत उद्वाहक नाही, तेथे मूल आणि पिशवी यांसह ही गाडी नेणाऱ्या मातेस तो तसा वाटणार नाही.

ही कल्पना नवी नव्हे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्लंडमधील डंकली या बाबागाड्या बनविणाऱ्या कंपनीने पेट्रोल एंजिनाची एक गाडी काढली होती. दाईने मागील बाजूस उभे राहून ती हाकावयाची होती. ती रुजली नाही, यात आश्चर्य नाही. बाबागाडीचा खरा कायापालट झाला तो शक्ती वाढवून नव्हे, तर वजन घटवून. ओवेन मॅक्लॅरेन या निवृत्त विमान-अभियंत्याने स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केले होते. त्याने 1965 मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी सिद्ध केली. तिचे वजन जेमतेम तीन किलो होते. मोटर जोडू पाहणाऱ्या अभियंत्याने हे उदाहरण सतत डोळ्यांसमोर ठेवावे. कारण तो जे जे जोडणार आहे, ते ते केव्हा तरी कोणास तरी उचलावे लागणार आहे.

आता थोडे गणित करू. गाडी 11 किलो, मूल 12 किलो, सामान 4 किलो आणि मोटर व बॅटरी मिळून 5 किलो, असे एकूण 32 किलो वजन धरू. सपाट पण खडबडीत पदपथावर ही गाडी ढकलावयास सुमारे 1 किलो वजनाइतका जोर लागतो. अपंगांच्या खुर्चीसाठी जी उतरण योग्य मानली जाते, तिच्यात बारा मीटर अंतरास एक मीटर चढ असतो. अशा उतरणीवर चढताना वजनाचा बारावा भाग, म्हणजे सुमारे पावणेतीन किलो जोर आणखी लागेल. चालण्याचा वेग ताशी साधारण सव्वाचार किलोमीटर धरला तर सपाटीवर 11 वॉट आणि चढावर सुमारे 42 वॉट शक्ती पुरते. मोटर व दातेरी चाके यांत होणारी हानी हिशेबात घेतली तरी चढावरचा हा आकडा 70 वॉटच्या आसपास राहतो. म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका विजेच्या दिव्याइतकी शक्ती! शक्ती हा येथे प्रश्नच नव्हे. 100 वॉट-तासांची बॅटरी दोन-तीन तासांच्या फेरफटक्यास पुरून उरते.

अडचण आहे ती पदपथाच्या कडेची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही कड 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. प्रत्यक्षात ती पुष्कळ ठिकाणी तशी असते. बाबागाडीचे पुढील चाक बहुधा 20 सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे 10 सेंटिमीटर त्रिज्येचे असते. ज्या अडथळ्याची उंची चाकाच्या त्रिज्येहून अधिक आहे, त्यावर आडव्या जोराने चाक चढविता येत नाही, मग तो जोर कितीही असो. 5 सेंटिमीटरची साधी पायरी घ्या. पुढील चाकांवर एकूण वजनाचा तिसरा हिस्सा आहे असे मानले, तर त्यांना ती चढविण्यास सुमारे 19 किलो जोर हवा. उलट, मागील चाकांवर 21 किलो भार आहे आणि धुळीने माखलेल्या फरशीवर त्यांना त्याच्या निम्म्याइतकीच पकड मिळते. तेव्हा मोटर कितीही मोठी घेतली तरी मागील चाके जागच्या जागी फिरतील. पुढील चाक 30 सेंटिमीटर व्यासाचे केले तर तेच काम 12 किलो जोरात होते. मोटर व माणूस मिळून ते सहज करतात. म्हणजे मोटरीने जे साधणार नव्हते, ते मोठ्या चाकाने साधले. मात्र उंच कडेपाशी मातेस दांडा दाबून पुढील चाके स्वतःच उचलावी लागतात. अशा वेळी बॅटरी पुढे, मुलाच्या पायांखाली बसविलेली असेल तर तिचे वजनही मातेच्या हातांवर येते. म्हणून तिची योग्य जागा मागील आसाच्या किंचित पुढे आणि शक्य तितकी खाली. फार मागे नेली तर दांड्यास भाजीची पिशवी अडकविताच गाडी मागे कलंडते. बॅटरी विनासायास सुटी करता आली पाहिजे, हे जिने चढणाऱ्या कुटुंबाला सांगावयास नकोच.

दिल्लीच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. सामान्य लिथियम बॅटऱ्या 45 अंशांपेक्षा अधिक तापमानात भारित करू नयेत असा संकेत आहे. मे महिन्यात दिल्लीत सावलीतील पारा कधी कधी याच्याही पुढे जातो. लिथियम लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्या त्याच शक्तीस थोड्या जड असतात, परंतु उष्णता अधिक निभावतात. मुलाच्या आसनाखाली काय ठेवावयाचे याचा निर्णय करताना ते थोडे अधिक वजन मी तरी खुशीने सोसावे म्हणेन.

दिल्लीने माणसाच्या श्रमास मोटरीची जोड देण्याचा एक प्रयोग पाहिला आहे. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तयार केलेली ‘सोलेकशॉ’ ही सायकल-रिक्षा ऑक्टोबर 2008 मध्ये दिल्लीत आणली गेली. तिच्यात पायडल कायम ठेवून विजेच्या मोटरीची मदत दिली होती आणि बॅटरी सौरशक्तीवर भारित करावयाची होती. चालकाचे श्रम हलके करावयाचे, परंतु चालकास दूर सारावयाचे नाही, हे तिचे तत्त्व बाबागाडीस तंतोतंत लागू पडते. फरक एवढाच की रिक्षाचालक वाहनावर बसलेला असतो, तर माता वाहनाच्या मागे चालते. तिचा आणि गाडीचा संबंध केवळ दोन हातांचा.

तो संबंध सुटला तर? ऑक्टोबर 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या ॲशबर्टन स्थानकावर एका मातेने क्षणभर गाडीवरचे हात काढले. गाडी फलाटावरून घरंगळत रुळांवर पडली आणि येणाऱ्या आगगाडीखाली सापडली. मूल वाचले, हे त्याचे नशीब. अशा ठिकाणी फार मोठा उतार लागत नाही. गुळगुळीत फरशीवर पन्नास मीटरला एक मीटर उतार असला तरी मोकळी गाडी सुमारे सहा सेकंदांत दोन मीटर जाते. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा व पिंक मार्गिकांवर फलाटाच्या कडेस दारे बसविलेली आहेत. सर्वत्र तशी सोय नाही.

येथेच मोटरीचे खरे मोल दिसून येते. दांड्यात जोर मोजणारे संवेदक बसविले की हात किती ढकलतो वा ओढतो हे गाडीस कळते आणि ती तितक्याच प्रमाणात मदत करते. हात निघताच मदत थांबून रोध लागला पाहिजे. मोटरीची वेटोळी जोडून तिच्याकडूनच रोधाचे काम घेता येते. परंतु त्या योगाने गाडी मंदावते, उतारावर थांबून राहत नाही. त्यासाठी स्प्रिंगचा निराळा रोध हवा, आणि त्याची रचना उलटी हवी. वीज असेल तोवर तो उघडा राहील. वीज गेली, तार तुटली, बॅटरी संपली की स्प्रिंग त्यास आपोआप आवळील. आगगाडीच्या वायुरोधाचे तत्त्व हेच आहे. डबे तुटून नळी फाटली की हवेचा दाब जातो आणि रोध लागतात. अर्थात बॅटरी संपलेली गाडी घरी तर न्यावयाची असते. म्हणून रोध हाताने सोडविण्याची एक कळ लागते, आणि ती अशी असावी की दाबून धरली असेल तोवरच रोध सुटा राहील.

रस्त्याच्या कडेस पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला आडवा उतार गाडीस सतत गटाराकडे ओढतो. दोन मागील चाकांना दोन स्वतंत्र मोटरी दिल्या तर खालच्या बाजूची मोटर थोडा अधिक जोर लावून गाडी सरळ ठेवते. जर्मनीच्या बॉश कंपनीने 2019 मध्ये मांडलेल्या प्रणालीत दोन मोटरींचीच योजना होती. मात्र मदत देण्यात क्षणाचा विलंब झाला तर गाडी हिसके खाते. माता मागे ओढते, गाडी पुढे झेपावते. मग माता अधिक ओढते आणि गाडी एकदम थांबते. म्हणून मदत हळूहळू वाढावी आणि झटकन कमी व्हावी, अशी योजना करावी लागते.

गाडी पूर्णपणे आपोआप चालवावी काय? 2023 च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात कॅनडातील एका कंपनीने ‘एला’ नावाची गाडी मांडली. हात न लावता ती चालू शकते, परंतु आत मूल नसेल तेव्हाच. मूल कडेवर घेतले की रिकामी गाडी शेजारून चालते. ही मर्यादा मला शहाणपणाची वाटते. चाँदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता 2021 मध्ये पादचाऱ्यांसाठी नव्याने बांधला गेला. तेथील सपाट दगडांवर अशी रिकामी गाडी गर्दीतून वाट काढीलही. पुढच्या गल्लीत हातगाडी, बैल आणि उघडी मोरी एकदम समोर आली म्हणजे दांड्यावर हात असलेला बरा.