नशीब एकेकीचं? छे, वेग गाडीचा!

आमच्या गावाजवळून चौपदरी हायवे गेला तेव्हा केवढा आनंद झाला होता सगळ्यांना! जिल्ह्याचं ठिकाण अर्ध्या तासावर आलं. पण त्या रस्त्यानं गावाचे दोन तुकडे केले, हे कळायला थोडे दिवस जावे लागले. घरं इकडे, शाळा, दवाखाना, एस.टी.चा थांबा तिकडे. मग काय, डिव्हायडर जिथे फुटलाय तिथून दिवसातून चारदा इकडून तिकडे!

त्याच जागी महिन्याभरात दोन अपघात झाले. आमच्या गल्लीतली एक सून सकाळी अकराला लेकाचा डबा द्यायला निघाली होती. कारवाल्याला ती लांबून दिसली, त्यानं करकचून ब्रेक दाबला, तरी धक्का बसलाच. पाय मोडला, तीन महिने खाटेवर गेले. पण आज ती हिंडतेफिरतेय. दुसऱ्या अपघातात मागच्या आळीतल्या सत्तरीच्या आजी. पहाटे साडेपाचला फिरायला निघालेल्या, अंगावर गडद लुगडं. भरधाव ट्रकनं उडवलं. माणसं जमली, पण पोलिसांचं लचांड नको म्हणून हात लावायला कुणी धजेना. अर्धा तास तसाच गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"नशीब एकेकीचं," सगळे म्हणाले. मीही म्हटलं. पण या विषयावर वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं की यातलं बरंचसं आपण उगीच नशिबाच्या खात्यावर टाकतो.

पहिली गोष्ट वेगाची. तासाला ८० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. आपण दिसल्यावर ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईस्तोवर एवढं अंतर सहज जातं. पुढे गाडी थांबायला आणखी पस्तीस-चाळीस मीटर लागतात. तीच गाडी ४० च्या वेगात असेल तर सगळं मिळून वीसेक मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो! जागतिक आरोग्य संघटना सांगते, की कारचा वेग ५० वरून ६५ वर गेला तर पायी माणूस दगावण्याचा धोका साडेचार पटींनी वाढतो. म्हणजे त्या कारवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला, तिथेच आमच्या सूनबाईचा जीव वाचला.

दुसरं, वाहन कोणतं. कारचा बंपर बहुधा पायाला लागतो. ट्रक, बस, उंच जीप यांचं तोंड उंच आणि सपाट, त्यामुळे मार थेट छातीला नि डोक्याला बसतो. शिवाय चाकाखाली जायची भीती असतेच. तिसरं, वय. तरुणपणी जो मार प्लॅस्टरवर निभावतो, तोच म्हातारपणी ठिसूळ हाडांना झेपत नाही. चौथं, अंधार. गडद कपड्यातलं माणूस दिव्याच्या उजेडात अगदी जवळ आल्यावरच दिसतं. तोवर ब्रेक दाबायला वेळच उरत नाही. आणि पाचवं, मदत मिळायला लागलेला वेळ.

हे काही आमच्याच गावचं दुखणं नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांतलं जवळपास दर पाचवं माणूस पायी चालणारं होतं.

मग आपण काय करायचं? पहाटे फिरायला हायवे नकोच. शाळेचं मैदान, देवळाचं आवार बरं. जावंच लागलं तर फिकट रंगाचे कपडे, हातात बॅटरी. फूटपाथ नसेल तिथे उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालायचं. ओलांडताना पदर किंवा स्कार्फ कानामागे घ्या, मोबाईल पिशवीत टाका. एक गाडी थांबली म्हणून धावू नका, तिच्या आडून दुसरी येत असते.

अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ आहेच. आणि घाबरू नका. मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ मध्ये कायद्यातच तरतूद झाली आहे. स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती नाही. मे २०२५ पासून जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची योजनाही आली आहे. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पण मैत्रिणींनो, सगळी काळजी आपणच का घ्यायची? गावाजवळ गाड्यांचा वेग कमी व्हायला हवा, दिवे हवेत, खालून जायला भुयारी रस्ता हवा. हे मागायला महिला ग्रामसभा आहे की! आमच्याकडे बायकांनी गेल्याच ग्रामसभेत अर्ज दिला. दिवे लागले, भुयारी रस्ता अजून कागदावरच आहे. पण आम्ही काही गप्प बसणार नाही.

त्या अर्जावर पहिली सही आजींच्या सुनेची होती.