ऐतिहासिक चित्रपटांतील पोषाख

ऐतिहासिक चित्रपटांतील पहिलें वाक्य नटाच्या मुखांतून बाहेर पडण्यापूर्वींच त्याच्या पोषाखानें प्रेक्षकाला बरेंच कांहीं सांगून टाकलेलें असतें. समोर दिसणारा पुरुष सरदार कीं शेतकरी, काळ शिवशाहीचा कीं पेशवाईचा, स्त्री सुवासिनी कीं विधवा, हें सारें प्रेक्षक पागोट्यावरून, जाम्यावरून आणि लुगड्यावरून ताडतो. ग्रंथांतील विधान वाचतांना सुज्ञ वाचक आधार मागतो. पोषाखानें केलेलें विधान मात्र तोच वाचक नकळत स्वीकारतो. म्हणून हा पोषाख खरा असावा कीं नसावा, हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. ग्रंथ वाचणारे थोडे आणि चित्रपट पाहणारे फार, अशा समाजांत भूतकाळाचें रूप पुष्कळ अंशीं शिंपीच ठरवीत असतो.

हें रूप आपल्याकडे कसें घडत गेलें, तें पाहण्यासारखें आहे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला आणि देवदेवतांचीं रंगीत चित्रें घरोघर भिंतींवर लागलीं. त्या चित्रांतील अनेक पौराणिक नायिका एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्रीय स्त्रीप्रमाणें नऊवारी लुगडें नेसलेल्या आहेत. दादासाहेब फाळके यांचें आरंभींचें आयुष्य छपाईच्या व्यवसायांत गेलें होतें. १९१३ सालच्या त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’वर या चित्रांची छाया पडली, यांत नवल नाहीं. पुराणकथांना निश्चित शक नसतो, त्यामुळें तेथें फारसें बिघडलें नाहीं. परंतु १९२३ सालीं कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं ‘सिंहगड’ काढला, तेव्हां प्रश्नाचें स्वरूप पालटलें. तानाजी मालुसरे हा पुराणपुरुष नव्हे. १६७० सालीं एका ठराविक गडावर लढून पडलेला तो माणूस आहे. त्याच्या अंगावर कांहीं ठराविक वस्त्रेंच होतीं. तीं कोणतीं, हें विचारण्याचा अधिकार येथें उत्पन्न होतो.

या प्रश्नाचें उत्तर देणारे साक्षीदार थोडे आहेत, पण आहेत. आम्स्टरडॅम व लंडन येथील संग्रहालयांत शिवाजी महाराजांचीं सतराव्या शतकाच्या अखेरचीं दख्खनी चित्रें आहेत. त्यांत मस्तकावर बांधलेलें पागोटें व त्यावर तुरा, अंगांत लांब जामा आणि कमरेस पटका, असा वेष दिसतो. पेशवाईच्या उत्तरकालासाठीं साधनें अधिक आहेत. जेम्स वेल्स या चित्रकारानें पुण्यांत सवाई माधवराव व नाना फडणवीस यांना समोर पाहून रंगविलें. वाई व मेणवली येथील वाड्यांत भित्तिचित्रें आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनीं पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले.

मात्र प्रत्येक साक्षीदाराची मर्यादा ओळखावी लागते. पेशव्यांच्या दरबारांत १७९० सालीं झालेल्या तहाचें जें भव्य तैलचित्र थॉमस डॅनियल यानें १८०५ सालीं इंग्लंडांत पुरें केलें, तें वेल्सच्या रेखाटनांवरून तयार झालेलें आहे. शिवाय चित्रकारापुढें बसणारा मनुष्य ठेवणींतील वस्त्रें घालून बसतो. राजा चित्रांत जसा दिसतो, तसाच तो घोड्यावर बसून अहोरात्र दौड करीत असे, असें धरणें योग्य होणार नाहीं.

राजेरजवाड्यांची ही गोष्ट झाली. ज्याचें चित्र कोणीं काढलेंच नाहीं, त्या सामान्य मावळ्याचें काय? ग्रँट डफ यानें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत त्याचा वेष वर्णिला आहे. अर्ध्या मांडीपर्यंत येणारी आखूड चोळणी, कमरेस घट्ट आवळलेला लांब पट्टा, डोक्यास पागोटें, क्वचित् अंगांत सुती अंगरखा आणि कमरेभोंवतीं गुंडाळलेलें एक वस्त्र. हेंच वस्त्र वेळप्रसंगीं पांघरण्याच्या उपयोगीं पडे. घोडेस्वाराची विजार गुडघ्याखालीं येई, अंगरखा कापूस भरून शिवलेला असे, आणि दौडींत पागोटें उडूं नये म्हणून अनेकजण त्याचा एक फेरा हनुवटीखालून घेत. हें वर्णन शिवकालानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं लिहिलेलें आहे, हें खरें. तरीही त्यांतील प्रत्येक तपशिलाला कारण आहे. डोंगर चढणाऱ्याला मोकळी मांडी हवी, उघड्यावर निजणाऱ्याला पांघरूण हवें, तलवारीचा वार चुकविणाऱ्याला कापसाचा थर हवा. वेष हा त्या माणसाच्या कष्टांचाच आलेख आहे.

पडद्यावरील मावळे याच्या शेजारीं उभे करून पाहावेत. पुष्कळदां ते सर्वजण एकाच कापडाचे, एकाच बेताचे, नुकतेच धुतलेले अंगरखे घालून उभे असतात. सर्वांना एकसारखा पोषाख देण्याची रीत मराठी राज्यांत शिवकालाची नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत महादजी शिंद्यांच्या पदरीं द बॉइन यानें उभारलेल्या कवाइती पलटणींसारख्या सैन्यांची ती रीत आहे. शंभर अंगरखे एका मापानें शिवून घेणें निर्मात्याला सोयीचें पडतें, हें उघड आहे. पण त्या सोयीनें एक महत्त्वाची गोष्ट पुसली जाते. आपापल्या घरचें धडुतें अंगावर घेऊन, शेतीचीं कामें उरकून लढाईस आलेले लोक, ही त्या सैन्याची विशेषता होती. एकसारखा अंगरखा चढवितांच तो शेतकरी नाहींसा होतो आणि त्याच्या जागीं पगारी शिपायांची रांग दिसूं लागते.

कापड व रंग यांचेंही असेंच आहे. इंग्लंडांत पर्किन यानें पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ सालीं शोधून काढला. त्यापूर्वीं सारें रंगकाम नीळ, आल, मंजिष्ठ, कुसुंबा, हळद अशा द्रव्यांवर चाले. कुसुंब्याचा गुलाबी रंग उन्हानें व धुण्यानें लौकर उतरे. म्हणजे रंगाच्या तेजावरूनच वस्त्र नवें कीं जुनें आणि धनी सधन कीं गरीब, हें ओळखूं येई. सर्वांच्या अंगावर सारखेच भडक रंग दाखविले, कीं हा भेद नष्ट होतो. बंद टांचणीचें पेटंट १८४९ सालचें आहे. तेव्हां पेशवाईंतील स्त्रीचा पदर खांद्यावर टांचून बसविलेला दिसला, तर तो काळ चुकला असें समजावें. त्या काळीं पदर सांवरावा लागे, आणि तो सांवरण्यांत हाताची व मानेची जी हालचाल होई, ती वेषाबरोबरच हरवते.

जुन्या चित्रपटांचें मोजमाप करतांना मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मूकपटांच्या काळीं वापरांत असलेल्या फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे. तांबडी वस्तु काळी आणि निळी वस्तु फिकट उमटे. केशवपन केलेल्या विधवेचें तांबडें आलवण त्या फिल्मवर काळेंच दिसावयाचें. अशा स्थितींत रंगाचा खरेपणा शोधणें व्यर्थ आहे. ही सबब रंगीत चित्रपटाला मिळत नाहीं. आजचा कॅमेरा तर कापडाची वीणसुद्धां दाखवितो.

याच्या उलट बाजूसही एक धोका आहे. ‘मुघल-ए-आझम’ हा के. आसिफ यांचा चित्रपट १९६० सालीं प्रकाशित झाला. त्यासाठीं दिल्लीचे शिंपी, हैदराबादचे सोनार, कोल्हापूरचे कारागीर आणि आग्र्याचें पादत्राण, असा देशभरचा हुन्नर एकत्र आणला गेला. इतकी मेहनत क्वचितच कोणीं घेतली असेल. परंतु ज्या अनारकलीसाठीं ही सारी सिद्धता, तिच्या कथेला अकबराच्या दरबारच्या इतिहासकारांचा आधार नाहीं. ती दंतकथा आहे. अस्सल कारागिरीच्या वैभवानें दंतकथेला इतिहासाचा मुखवटा चढतो. मूल्यवान पोषाख म्हणजे खरा पोषाख नव्हे, आणि खरा पोषाख म्हणजे खरी कथा नव्हे, हे दोन भेद प्रेक्षकानें मनाशीं बाळगावेत.

मग कलावंताला कांहींच मोकळीक नाहीं काय? आहे. जेथें साधनें मुकीं आहेत, तेथें कल्पनेनें पोकळी भरणें अपरिहार्य आहे. अंगरख्याची शिवण यंत्राची कीं हाताची, यावरून कोणी कलाकृतीला दोष देऊं नये. जेथें पोषाख बदलला असतां प्रसंगाचा अर्थच बदलतो, तेथें मात्र ही मोकळीक संपते. याचें उत्तम उदाहरण म्हणजे १९८२ सालचा ‘गांधी’. कोल्हापुरांत जन्मलेल्या भानु अथैया यांना जॉन मोलो यांच्यासमवेत या चित्रपटाच्या वेषभूषेसाठीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. गांधीजींच्या आयुष्यांत वेष हा स्वतःच एक घटना होता. बॅरिस्टरचा सूट, १९१५ सालीं मुंबईस उतरतांना अंगावर असलेला काठियावाडी वेष आणि २२ सप्टेंबर १९२१ रोजीं मदुराईंत पत्करलेला पंचा, या तीन पायऱ्या आहेत. यांतील पंचा पांच वर्षें अलीकडे ओढला, तर केवळ वस्त्र चुकत नाहीं, एका माणसाच्या विचाराचा क्रमच चुकतो.

ऐतिहासिक चित्रपट काढणाऱ्यांनीं पोषाखाचे आधार कोणते आणि कल्पना कोणती, हें श्रेयनामावलींत दोन ओळींत सांगितलें, तर चित्रपटाची शोभा रतिभरही उणी होणार नाहीं. प्रेक्षकानेंही पडद्याकडे पाहतांना तीन प्रश्न विचारावेत: हें वस्त्र कोणाचें, कोणत्या सालचें, आणि तें घालून हा माणूस आपलें काम करूं शकला असता काय? यांपैकीं तिसरा प्रश्न विचारण्यास विद्वत्ता लागत नाहीं. ज्यानें ऐन उन्हांत डोंगर चढला आहे, त्या कोणालाही जरीच्या जड अंगरख्यांतला मावळा ओळखतां येतो.