हंड्याचा हिशेब

झाशीच्या राणीला आपण घोड्यावरच ओळखतो. विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये तिची सकाळही नोंदली आहे. वरसईचे हे भिक्षुक १८५७-५८च्या धामधुमीत झाशीत होते. त्यांचा वृत्तान्त १९०७ साली छापला गेला. त्यात राणीचे स्नान आहे, पूजा आहे आणि एक तपशील असा की, वैधव्यानंतर केशवपन केले नाही म्हणून ती रोज प्रायश्चित्त घेई. इतिहासात एम.ए. करताना हे मी वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. संस्थानासाठी कंपनी सरकारशी भांडणारी बाई डोक्यावरच्या केसांबद्दल मात्र रोज दंड भरत होती. तसला दंड मला ओळखीचा होता.

मी झाशीतल्याच एका मराठी घरात वाढले. आमची भाषा पिढ्यांगणिक हिंदीकडे झुकली, सोवळे मात्र तसूभरही हलले नाही. १९७२ साली, बाराव्या वर्षी, मला ‘कावळा शिवला’ आणि परसाकडच्या खोलीत एक सतरंजी व एक तांब्या माझ्या नावाने लागला. दुसऱ्या रात्री तांब्यातले पाणी संपले. कुणाला उठवायचा धीर होईना, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या हंड्यात तांब्या बुडवला.

पुढे भाद्रपदात ऋषिपंचमीला आजीने पोथी वाचली. विटाळात भांड्यांना शिवलेली बाई त्या कथेत पुढच्या जन्मी कुत्री होते आणि तिच्या संसर्गाने नवरा बैल होतो. नवऱ्याने काहीच केलेले नसते. मला भीती बसली ती नेमकी त्याची. त्याच हिवाळ्यात वडिलांना पक्षाघात झाला. रक्तदाब जुना होता, डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले होते. मी मात्र हंडा आठवत राहिले.

ऋषिपंचमीचे व्रत वर्षभराच्या विटाळाचा दोष फेडते, असे मानतात. महसुलाची कामे केल्यावर मला त्यातली मेख कळली. दरवर्षी वसुली होते ती देणे कागदावर जिवंत राहावे म्हणूनच. मुळात कर्ज होते का, हे कुणी विचारत नाही. मी सरकारी बंगल्यात एकटी राहत असतानाही ते चार दिवस देवापुढे दिवा लावत नसे. आजी जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती.

माझे दुःख फार मोठे होते, असा माझा दावा नाही. आमच्याच घरी मागच्या दाराने मैला उचलायला येणाऱ्या बाईचा स्पर्श बाराही महिने वर्ज्य होता, आणि तिच्यासाठी तर फेडीचे व्रतही नव्हते. शबरीमला निकालात (२०१८) न्या. चंद्रचूड यांनी मासिक पाळीवरून होणारी बंदी अस्पृश्यताबंदीच्या सतराव्या अनुच्छेदाशी जोडली, तेव्हा मला तीच आठवली.

२०११मध्ये केंद्राने ग्रामीण किशोरींसाठी पॅडची योजना आणली. पुढच्याच वर्षी बुंदेलखंडातल्या एका गावी वाटपाला गेले असता एका मुलीने बुंदेलीत विचारले, ‘‘मॅडम, तुम्ही लोणच्याला हात लावता?’’ मी म्हटले, ‘‘लावते की!’’ ते साफ खोटे होते. रात्री झोप लागली नाही.

पुढच्या गावी मी भाषण बाजूला ठेवले आणि हंड्याची गोष्ट सांगितली. सभा बराच वेळ गप्प होती. मग एक वयस्क आशा कार्यकर्ती म्हणाली, तिची म्हैस आटली होती ती तिच्यामुळे, असे ती अजून मानते. दुसरीने दगावलेल्या मुलाचे नाव घेतले. ॲनिमियापासून शौचालयांपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी माझ्या तक्त्यात रकाना होता. या बायका जे बोलत होत्या, त्याला नव्हता. आजही नाही. १५ ते २४ वयाच्या, पाळीत स्वच्छ साधने वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत सुमारे ५८ टक्के होते, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते ७७ झाले. ही प्रगती खरीच आहे, आणि माझ्यासारखी बाई त्या ७७मध्ये आरामात बसली असती! वाटपाच्या सभेतला अर्धा तास पन्नाशीच्या बायकांना बोलायला राखून ठेवा, असे मी वर लिहिले. खर्च शून्य होता. उत्तर आले नाही.

त्या दिवाळीत मी आईला हंड्याबद्दल सांगितले. ती निवडत असलेले तांदूळ तसेच ठेवून म्हणाली, ‘‘तांब्याचा आवाज मी ऐकला होता गं. पहाटे सासूबाई उठायच्या आत पाणी ओतलं, हंडा घासून पुन्हा भरला. कुणाला बोलले नाही. नंतर ह्यांना ते झालं, तेव्हा वाटलं, मी लपवलं म्हणूनच.’’

एकाच घरात आम्ही दोघी चाळीस वर्षे वडिलांच्या आजाराचा दोष आपापल्याकडे घेऊन बसलो होतो. त्या संध्याकाळी आम्ही रडलो, मग डॉक्टरांचे जुने कागद काढून रक्तदाबाचे आकडे वाचले. आई प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होती.

ऋषिपंचमीची भाजी आमच्याकडे अजून होते. बैलाच्या कष्टाविना पिकलेले अळू, माठ, सुरण आई स्वतः निवडते, कारण तिला ती भाजी आवडते. पोथी मात्र त्यानंतर फडताळातून खाली आलेली नाही.