ऐकण्यातून येणारी इंग्रजी
महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवली जाऊ लागली. तरी मराठी, हिंदी, गोंडी आणि छत्तीसगढी या भाषा कानी पडणाऱ्या, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या देवरी तालुक्यात ती बहुधा पाठ्यपुस्तकातूनच भेटते, त्यामुळे डोळे सरावतात आणि कान मागे राहतात. यावर उपयोगी पडते ती अस्सल ध्वनिसामग्री, म्हणजे शिकवण्यासाठी मुद्दाम सावकाश न केलेले, खऱ्या कामासाठीचे बोलणे: आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या, क्रिकेटचे समालोचन किंवा गोंदिया स्थानकावरील उद्घोषणा.

ऐकताना अडचण होते ती पुष्कळदा ओळखीचेच शब्द एकमेकांत मिसळल्यामुळे. ‘नेक्स्ट डे’मधला ‘ट’ सहज बोलण्यात गळतो, ‘ब्रेड अँड बटर’चे ‘ब्रेडन्बटर’ होते. कारण मराठीत अक्षरांना जवळपास सारखे वजन मिळते, तर इंग्रजीत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, ज्या अक्षरावर असतो तेच ठळक राहते आणि भोवतालची अक्षरे आखडतात. स्थानकावरील उद्घोषणा ध्वनिमुद्रित तुकडे जोडून तयार होत असल्याने शब्द सुटे ऐकू येतात व वाक्यरचनाही ठरलेली असते, म्हणून आरंभ तेथून करणे इष्ट. समालोचन, ज्यात बोलण्याचा वेग चेंडूगणिक बदलतो, नंतरचे. तुकडा मिनिटभराचाच असावा, पहिल्यांदा केवळ विषय ओळखावा, दुसऱ्यांदा ऐकू आले तसे लिहावे आणि मगच छापील मजकुराशी ताडून पाहावे. शिक्षकांनी हा मजकूर आधी हाती देऊ नये. तो समोर असला की विद्यार्थी ऐकत नाही, वाचतो.