रोलिह्लाह्ला : फांदी ओढणारा

१९९० साली भारतरत्न मिळालेले नेल्सन मंडेला आपल्याला परके नाहीत. पण वडिलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं रोलिह्लाह्ला. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेतलं. या नावाभोवतीचे काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज : या नावाचा अर्थ ‘उपद्व्यापी’, एवढाच.
वस्तुस्थिती : हा झाला लक्ष्यार्थ. वाच्यार्थ आहे झाडाची फांदी ओढणारा. ‘रोला’ म्हणजे ओढणे, ‘इह्लाह्ला’ म्हणजे फांदी. जोडताना ‘रोला’चा शेवटचा स्वर गळतो, आपल्याकडे संधी होतो तसाच.

गैरसमज : नावाची सुरुवात ‘र’ने होते.
वस्तुस्थिती : ‘र’ दिसतो तो जुन्या रोमन लेखनामुळे. खरा आवाज घशातून घासत येतो, उर्दू ‘ख़बर’मधल्या ‘ख़’सारखा. ‘ह्ल’साठी जीभ ‘ल’च्या जागी टेकवून दोन्ही कडांनी नुसती हवा सोडायची. म्हणजे ‘ख़ोलिह्लाह्ला’ हा उच्चार मुळाच्या अधिक जवळचा.

गैरसमज : मुलगा बंड करणार हे वडिलांनी आधीच ओळखलं होतं.
वस्तुस्थिती : १८ जुलै १९१८ रोजी म्वेझो गावात जन्मलेल्या बाळाचं भविष्य कोण सांगणार? नावावरून नशीब ठरतं असं आपण मानत नाही, हे मंडेलांनीच १९९४ च्या ‘लाँग वॉक टू फ्रीडम’ या आत्मचरित्रात स्पष्ट केलं आहे. सत्तावीस वर्षांचा तुरुंगवास त्यांनी पत्करला तो स्वतःच्या निश्चयाने. त्याचं श्रेय नावाला देऊ नये.

गैरसमज : ‘नेल्सन’ हे नाव घरच्यांनी ठेवलं.
वस्तुस्थिती : ते शाळेत मिळालं. वयाच्या सातव्या वर्षी, कुनू गावच्या शाळेत पहिल्याच दिवशी म्डिंगाने बाईंनी प्रत्येक मुलाला एकेक इंग्रजी नाव दिलं. तेव्हाच्या ब्रिटिश वळणाच्या शिक्षणात तशी रीतच होती. रोलिह्लाह्लाच्या वाट्याला ‘नेल्सन’ आलं. हेच का, ते मंडेलांना कधी कळलं नाही.

गैरसमज : ‘मदिबा’ हे लाडाचं टोपणनाव.
वस्तुस्थिती : ते कुळाचं नाव आहे, अठराव्या शतकातल्या थेम्बू जमातीच्या एका प्रमुखावरून आलेलं. खोसा समाजात कुळाच्या नावाने हाक मारणं म्हणजे त्या माणसाचा मान राखणं.

एका मुलाचं नाव वर्गात बदललं गेलं, कारण ते शिकून घ्यायची गरज त्या व्यवस्थेला वाटली नाही. आपल्याला ते नीट उच्चारायला फार तर मिनिटभर सराव लागेल. तेवढा आपण करायलाच हवा.