पट्टे एकाचे, नाव दुसऱ्याचे

ताडोबात झाडांना बांधलेले कॅमेरे समोरून काही हलले की आपोआप फोटो काढतात. वाघ असो की सरपणाला निघालेल्या बाया. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभरात असे ३ कोटी ४८ लाखांवर फोटो जमले. त्यांत वाघांचे फक्त ७६,६५१.

वाघ ओळखायचा पट्ट्यांवरून. दोघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाची डावी-उजवी कूसही सारखी नसते. म्हणून फोटोला शब्दखुणा लावतात : वाघ कोणता, कूस कोणती, ठिकाण कुठले. या खुणा फाइलीच्या आतच राहतात. जुन्या फोटोच्या पाठीमागे आपण नाव लिहीत असू, तसेच.

आमच्या शेजारचा एक पोरगा जंगलात फोटो काढतो. त्याने लहान प्रती करून मला दिल्या. झाडापाखरांची नावे मला येतात. मोह, येन, तेंदू असे लिहीत मी दोन महिने बसलो. वाघांची नावे त्याने सांगितली. पुढे लक्षात आले की मूळ मोठ्या फाइली कोऱ्याच आहेत!

पुन्हा लिहायची गरज नव्हती. कॅनडाच्या फिल हार्वे यांनी २००३ पासून एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्राम चालवला आहे. त्याला सांगायचे, प्रत्येक मोठ्या फाइलीच्या नावाची लहान फाइल शोध आणि तिच्यातल्या फक्त शब्दखुणा इकडे उतरव. हजारो फाइली चहा होईतो झाल्या.

आणि चुकल्या. कॅमेरा ९९९९ पर्यंत मोजतो आणि पुन्हा १ पासून सुरू करतो. एकाच नावाचे दोन फोटो निघाले. सांबराला 'वाघ' चिकटले तेव्हा आम्ही हसलो. मग एका वाघिणीचे नाव दुसरीला लागलेले दिसले आणि हसू गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीच्या वडसा जंगलात सीटी-१ हा वाघ बेशुद्ध करून पकडला; १३ माणसांचे बळी त्याच्या नावावर होते. असा वाघ पकडताना नाव चुकले तर भलताच पिंजऱ्यात जाईल, आणि खरा मोह वेचणाऱ्यांच्या वाटेवर राहील. आमचे फोटो काही वनखात्याचे नव्हते. तरी झोप लागली नाही.

नशीब, हा प्रोग्राम जुनी फाइल बाजूला ठेवतो. दुसऱ्यांदा आम्ही फोटो काढल्याची वेळ सेकंदापर्यंत आणि त्यापुढे जुना क्रमांक, अशी दोन्हीकडच्या फाइलींना नवी नावे पाडली. वेळ कॅमेराच नोंदतो, ती लहान प्रतीतही उतरलेली होती. (सेल बदलल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ मागे जाते, ते आधी तपासावे.) आधी दहाच फाइली करून उघडून पाहिल्या, मग बाकीच्या.

अकरा उरल्या. त्या आम्ही दोघांनी पट्टे मोजत, डोळ्यांनी जुळवल्या.