इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी प्रणालीची निवड

इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी प्रणाली म्हणजे करारनामे व तत्सम दस्तऐवजांवर संगणकीय पद्धतीने स्वाक्षरी घेणारी, त्या स्वाक्षरीचा पुरावा जपणारी आणि दस्तऐवज एका टप्प्यावरून पुढील टप्प्याकडे आपोआप पाठविणारी आज्ञावली होय. बँका, विमा कंपन्या, घरभाड्याचे व्यवहार, नोकरभरती आणि पुरवठादारांशी होणारे करार अशा अनेक ठिकाणी तिचा वापर होतो. भारतात अशा प्रणालीची निवड हा केवळ सोयीचा किंवा किमतीचा प्रश्न नसतो. करार नाकारला गेल्यास न्यायालयात काय सिद्ध करता येईल, हे बऱ्याच अंशी या निवडीवर अवलंबून असते.

संज्ञा

मराठीत रूढ असलेला 'सही' हा शब्द अरबी-फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ 'बरोबर, खरे' असा आहे. 'स्वाक्षरी' या शब्दात 'स्व' आणि 'अक्षर' ही दोन पदे आहेत. मजकूर मान्य असल्याची खूण आणि ती खूण स्वतःच्या हातची असणे, या दोन्ही कल्पना या शब्दांत सामावलेल्या आहेत. संगणकीय दस्तऐवजात हाताचे वळण उरत नाही. त्यामुळे व्यक्ती आणि खूण यांचा संबंध अन्य मार्गाने प्रस्थापित करावा लागतो.

'इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी' ही व्यापक संज्ञा आहे, तर 'डिजिटल स्वाक्षरी' हा तिचा एक प्रकार होय. स्वाक्षरीचे छायाचित्र चिकटविणे, पडद्यावर बोटाने सही काढणे किंवा 'मान्य आहे' या बटणावर टिचकी मारणे यांनाही व्यवहारात इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र या सर्वांचे वजन सारखे नसते.

कार्यपद्धती

डिजिटल स्वाक्षरी करताना दस्तऐवजावर गणिती प्रक्रिया करून 'हॅश' नावाची ठरावीक लांबीची संख्या काढली जाते. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ही संख्या बदलते. स्वाक्षरीकर्त्याच्या खासगी किल्लीने या हॅशवर स्वाक्षरी होते आणि जोडीच्या सार्वजनिक किल्लीने तिची पडताळणी कोणालाही करता येते. सार्वजनिक किल्ली नेमकी कोणाची, हे प्रमाणन प्राधिकरणाने दिलेले प्रमाणपत्र सांगते. भारतात अशा प्राधिकरणांना परवाना देण्याचे काम प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक करतात.

व्यवहारात याची दोन रूपे प्रामुख्याने आढळतात.

पहिले रूप यूएसबी टोकनवरील प्रमाणपत्राचे. हे प्रमाणपत्र साधारणतः १ ते ३ वर्षांसाठी मिळते. आयकर, वस्तू व सेवा कर आणि निविदा यांच्या कामात ते परिचित आहे.

दुसरे रूप 'ई-साइन' हे होय. २०१५ पासून नियमबद्ध झालेल्या या पद्धतीत आधार क्रमांकाशी संलग्न ओटीपी किंवा बोटांचे ठसे यांद्वारे ओळख पटविली जाते. त्या एकाच स्वाक्षरीपुरती किल्ल्यांची जोडी तयार होते, अवघी ३० मिनिटे वैध असलेले प्रमाणपत्र दिले जाते आणि वापरानंतर खासगी किल्ली नष्ट केली जाते. मूळ दस्तऐवज ई-साइन सेवादात्याकडे जात नाही, केवळ त्याचा हॅश जातो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची 'ई-हस्ताक्षर' ही सेवा याच प्रकारची आहे.

कायदेशीर स्थिती

भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार बहुतेक करारांच्या वैधतेसाठी स्वाक्षरी अनिवार्य नाही; तोंडी करारही वैध असू शकतो. स्वाक्षरीचे महत्त्व मुख्यतः पुरावा म्हणून आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. २००८ च्या दुरुस्तीने त्यात 'इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी' ही संज्ञा आणि कलम १०-अ समाविष्ट झाले. केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्या कारणाने करार निष्प्रभ ठरणार नाही, असे हे कलम सांगते. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता (२०१०) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ईमेलद्वारे झालेला करार मान्य केला.

म्हणून पडद्यावर बोटाने काढलेली सही निरर्थक ठरत नाही. मात्र अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत मान्य केलेल्या तंत्रांपैकी ती नसल्याने, ती अमुक व्यक्तीचीच आहे हे सिद्ध करण्याचा भार करार पुढे आणणाऱ्यावर पडतो. विहित अटी पूर्ण करणाऱ्या सुरक्षित इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीबाबत न्यायालय स्वाक्षरीकर्त्याचा हेतू गृहीत धरते आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर येते.

काही दस्तऐवजांना हा अधिनियम लागू होत नाही. मृत्युपत्र, न्यासपत्र, तसेच काही अपवाद वगळता मुखत्यारपत्र आणि धनादेशाखेरीज अन्य परक्राम्य संलेख यांचा त्यात समावेश होतो. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचे करारही पूर्वी या यादीत होते. २०२२ मध्ये ते काढण्यात आले. तरीही नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार जेथे दस्त नोंदणी आवश्यक आहे, तेथे ती टळत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची प्रत पुराव्यात दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. आधीच्या कायद्यातील अशाच तरतुदीचा अर्थ जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल (२०२०) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केला. मूळ साधनच न्यायालयात सादर केले नसेल, तर प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे त्यात म्हटले आहे.

निवडीचे निकष

दस्तऐवजाचा प्रकार: संस्थेतील करारांची वर्गवारी ही पहिली पायरी मानली जाते. अंतर्गत मंजुरीसाठी साधी टिचकी पुरेशी ठरते; कर्ज, हमी किंवा दीर्घ मुदतीच्या करारासाठी प्रमाणपत्राधारित स्वाक्षरी अधिक सुरक्षित असते. कायद्याने वगळलेले दस्तऐवज प्रणालीत जाऊच नयेत, अशी अट आरंभीच घालता येते.

मुद्रांक शुल्क: स्वाक्षरी इलेक्ट्रॉनिक असली तरी मुद्रांक शुल्क माफ होत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमातील दस्तऐवजाच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचाही समावेश आहे. शुल्क स्वाक्षरीपूर्वी, स्वाक्षरीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या कामकाजाच्या दिवशी भरावे लागते आणि पुरेसे शुल्क न भरलेला दस्त पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही. त्यामुळे स्वयंचलित प्रक्रियेत मुद्रांकाचा टप्पा कोठे येतो, हे तपासणे महत्त्वाचे असते. दर राज्यागणिक वेगळे असतात आणि बदलतातही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक दस्तांवरील १०० रुपयांचे शुल्क ५०० रुपये झाले. जुन्या साच्यावर चालणारी प्रणाली अशा वेळी अपुऱ्या मुद्रांकाचे करार तयार करीत राहते.

ओळख व नाव: ई-साइनच्या प्रमाणपत्रात आधारवरील नाव उमटते. करारातील नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव नसणे, आडनाव आधी लिहिणे, विवाहानंतर नाव बदलणे यांमुळे तफावत पडते. स्वाक्षरीपूर्वीच ही तफावत दाखविणारी प्रणाली पुढील वाद टाळते.

घटनाक्रमाची नोंद: दस्तऐवज कोणाला, केव्हा पाठविला, कोणी उघडला, ओळख कशी पटविली आणि स्वाक्षरी कधी झाली यांची अपरिवर्तनीय नोंद आवश्यक असते. सेवादात्याशी व्यवहार संपल्यावरही ही नोंद आणि स्वाक्षरित मूळ फाइल संस्थेकडे राहील काय, हा प्रश्न अनेकदा दुर्लक्षित राहतो.

माहितीचे संरक्षण: डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे स्वाक्षरीकर्त्यांची माहिती कोणत्या उद्देशाने आणि किती काळ साठविली जाते, यालाही महत्त्व आले आहे.

परदेशी पक्ष: युरोपीय संघात ईआयडास नियमावलीनुसार साधी, प्रगत आणि पात्र असे स्वाक्षरीचे तीन स्तर आहेत. केवळ पात्र स्वाक्षरीला हस्तलिखित स्वाक्षरीशी समकक्ष दर्जा आहे. डॉक्युसाइन, अ‍ॅडोबी, झोहो यांसारख्या कंपन्यांची उत्पादने एकाहून अधिक प्रकारच्या स्वाक्षऱ्या देतात. त्यामुळे उत्पादनाच्या नावापेक्षा त्यातील कोणता प्रकार वापरला जातो, हे अधिक निर्णायक असते.

मर्यादा

डिजिटल स्वाक्षरी फाइलमध्ये असते, कागदावर नाही. छापील प्रतीत तिचे केवळ चित्र उमटते. याउलट, महाराष्ट्रातील डिजिटल स्वाक्षरित सातबारा उताऱ्यासारखी फाइल संगणकावर उघडल्यावर प्रश्नचिन्ह दिसले, तरी ती बनावट असेलच असे नाही. भारतीय मूळ प्रमाणपत्र त्या संगणकावर विश्वसनीय म्हणून नोंदलेले नसल्यासही असे चिन्ह दिसते.

सर्वांत मोठी मर्यादा तांत्रिक नाही. ओटीपी दुसऱ्यास सांगितला किंवा टोकन सांकेतिक क्रमांकासह कार्यालयातील अन्य व्यक्तीकडे ठेवले, तर गणिताच्या दृष्टीने स्वाक्षरी निर्दोष राहते, पण संमती मात्र खरी नसते. ज्येष्ठ नागरिक, अल्पशिक्षित कर्जदार आणि मोबाइलसाठी दुसऱ्यावर विसंबणाऱ्या व्यक्ती यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. कराराचा मजकूर स्वाक्षरीकर्त्याला समजणाऱ्या भाषेत दाखविणे, वाचण्यास पुरेसा वेळ देणे, स्वाक्षरीच्या विनंतीत दस्ताचे नाव व रक्कम स्पष्ट नमूद करणे आणि स्वाक्षरित प्रत त्याला तत्काळ देणे या सोयी प्रणालीत आहेत की नाहीत, हाही म्हणूनच निवडीचा निकष ठरतो.

हे सुद्धा पहा

डिजिटल स्वाक्षरी
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
भारतीय साक्ष अधिनियम, २०२३
मुद्रांक शुल्क
आधार